वस्तादांचा फेटा

माझं तोंड चालतं, हे दापोडीत कुणालाही विचारा. रेल्वेच्या गेटापाशी दहा माणसं बोलत असली तरी लांबून एकट्या हिंदुरावाचाच आवाज येतो, असं आमची मंडळी म्हणते. तेव्हा पुढं जे सांगणार आहे ते स्वतःची शेखी मिरवायला सांगत नाही. या तोंडानं मी एका भल्या माणसाला चार वर्षं गावात वर मान करू दिली नाही. तो आता नाही. म्हणून सांगतो.

सोपानराव त्यांचं नाव. आमच्या तालमीचे वस्ताद. गेटापासून नदीकडं उतरताना डाव्या हाताला जी पत्र्याची तालीम लागते, ती त्यांची. आत तांबड्या मातीचा हौदा, कोनाड्यात हातभर उंचीचा मारुती, आणि दाराशी पाण्याचा रांजण. हौद्यातली माती ते स्वतः मळायचे. ताक, तेल, हळद घालून तासतास पायानं तुडवायचे. दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. उंचीनं बेताचे, दोन्ही कान कुस्तीत चुरगळलेले, आणि डोक्याला कायम पांढरा फेटा. सकाळी फेटा बांधल्याशिवाय हा माणूस दाराबाहेर पाऊल टाकत नसे. मोठ्या मैदानात नाव घ्यावं अशी कुस्ती त्यांनी उभ्या जन्मात मारली नाही. पण पोरं तयार करावीत ती त्यांनीच. आणि बोलायचे किती? दिवसभरात मी एका चहाला जेवढं बोलतो, तेवढं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको लवकर गेली. बहीण अंबुबाई तळेगावला दिली होती, तीही पटकीत गेली, तेव्हा तिचा सहा वर्षांचा ज्योतीराम त्यांनी खांद्यावर बसवून दापोडीला आणला. तो त्यांनी हातानं भरवला, हातानं न्हाऊ घातला, आणि त्याच मातीत वाढवला. अठराव्या वर्षी ज्योतीराम पलटणीत भरती झाला. तिथं कुस्ती सुटली आणि बॉक्सिंग लागलं. एक्कावन्न साली पलटण सोडून तो परत आला, आमच्याच वर्कशॉपात पत्र्याच्या कामाला लागला, आणि वर्कशॉपाकडून बॉक्सिंग खेळायला लागला. त्रेपन्न साली सगळ्या कारखान्यांत तो चॅम्पियन झाला. चोपन्नला पुन्हा झाला.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो. आम्ही सगळी कुस्तीतली माणसं. बॉक्सिंगमधलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. गुण कसे मोजतात, ठोसा कुठं लागला म्हणजे धरतात, काही पत्ता नाही. आम्हाला एकच कळायचं, गडी पडला का नाही पडला. आणि ज्योतीराम पडत नसे. समोरच्यानं तोंडावर चार ठोसे दिले तरी हा उभाच. त्यामुळं आमच्या लेखी तो जगात भारी. तो मारतो किती याच्याशी आम्हाला घेणं नव्हतं. तो खातो किती, याचीच गेटावरच्या हॉटेलात चर्चा.

या चर्चेत माझ्या विरुद्ध एकच माणूस असे, उद्धवराव. साताऱ्याकडचा, रिटायर हवालदार, वर्कशॉपाच्या गेटवर पहारेकरी. त्यानं पलटणीत बॉक्सिंग पाहिलेलं होतं.

"हिंदुराव," तो म्हणायचा, "ठोसा खायाचा नसतो, चुकवायचा असतो. तुमी ज्याचं कौतिक करताय त्यो त्याचा दोष हाय."

"दोष? अवो, लोखंड हाय त्याचा जबडा. कितीबी मारा, पचवतोय गडी."

"ठोसा पचत नसतो," उद्धवराव म्हणायचा. "साठत असतो."

मी हसून घालवायचो. सोपानराव कोपऱ्यातल्या बाकावर बशीतला चहा फुंकत बसलेले असायचे. भाच्याची एवढी तारीफ चाललेली, पण हा माणूस कधी खूश होऊन मान डोलावतोय, असं दिसलं नाही. मला वाटायचं, शिष्ट आहे म्हातारा. कुस्ती सोडली म्हणून अजून मनात धरून आहे.

एकदा तर मी कहर केला. चोपन्नच्या दिवाळीनंतरची गोष्ट. वाद हातघाईवर आला, तसा मी ज्योतीरामलाच हाक मारली. वर्कशॉपात घण मारणारा एक दांडगा गडी होता, त्याला म्हटलं, हाण याच्या जबड्यात, उद्धवरावांना दिसू दे. ज्योतीराम हसला, हात मागं बांधले आणि हनुवटी पुढं केली. त्या गड्यानं हाणली. आवाज पार गेटापलीकडं गेला असेल. ज्योतीराम जागचा हलला नाही. सगळे ओरडले, मी तर बाकावर उभा राहिलो. मग ज्योतीरामनं चहाचा कप उचलायला हात केला आणि हात कपाच्या शेजारून गेला. पुन्हा केला, पुन्हा चुकला. तिसऱ्या वेळी कपाचा कान सापडला. मी म्हटलं, "बघा, चॅम्पियनला ठोसा लागत न्हाई, पर कप घावत न्हाई." सगळे हसले. ज्योतीरामही हसला. सोपानराव बशी तशीच ठेवून उठून गेले.

पुढचं मला बऱ्याच महिन्यांनी इंदुताईकडून कळलं, पण सांगतो जागच्या जागीच. इंदुताई म्हणजे ज्योतीरामची बायको. पंचावन्नच्या जानेवारीत सोपानराव आणि ती ज्योतीरामला पुण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. त्याला एकाचे दोन दिसायचे. सकाळी उठला की उलटी व्हायची. पत्र्यावर रेघ मारायचा ती तिसरीकडंच जायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, डोक्याला मार बसून बसून आत इजा झाली आहे. आता खेळणं बंद. अजून एखादा जबर ठोसा डोक्यात बसला तर माणूस जागेवरच जाऊ शकतो.

आणि फायनल महिन्यावर आलेली. सलग तिसरं वर्ष.

ज्योतीराम दवाखान्यातून थेट तालमीत गेला. मामांचा हात धरला, मारुतीच्या पायावर ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टरचं बोलणं तोंडातनं कुणाला सांगायचं न्हाई. घ्या शपत." वर्कशॉपात कळलं तर मशिनीवरून काढतील, ही एक भीती. पण खरी भीती ती नव्हती, असं इंदुताई म्हणाली. खरी भीती आमची होती, गेटावरच्या हॉटेलातल्या लोकांची. ज्याला ठोसा लागत नाही असा गडी डॉक्टरच्या चिठ्ठीवर घरी बसला, हे त्याला सोसणार नव्हतं. सोपानरावांनी शपथ घेतली. त्यांना वाटलं असेल, आत्ता घेऊ, महिन्याभरात समजूत काढू. पण पोर ऐकेना. निदान डोकं गरगरलं तर गुडघा टेक, असं त्यांनी सांगून पाहिलं. "कुस्तीत गुडघं टेकल्यानं कोन हरतंय? बॉक्सिंगात बी आठ आकडं मोजस्तवर बसता येतंय, म्हनं. बस की." ज्योतीराम म्हणाला, "मी आजवर टेकलो न्हाई, मामा. आता टेकलो तर लोक काय म्हन्तील?"

लोक म्हणजे मी.

फायनल फेब्रुवारीत झाली, खडकीच्या मैदानावर, दुपारी चार वाजता. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडीची माणसं चालत गेली होती. समोर रेल्वेचा एक गडी होता, हातानं लांब आणि पायानं चपळ. ज्योतीरामच्या कोपऱ्यात नेहमीसारखे सोपानराव, बादली आणि टॉवेल घेऊन. मी मदतीला. पंचानं दोन्ही कोपऱ्यांत येऊन बजावलं, तुमच्या माणसाला झेपत नाही असं वाटलं तर टॉवेल आत टाका, लढत तिथंच थांबेल.

पंच पलीकडं गेला तसा ज्योतीराम वळला. "मामा, टॉवेल हिंदुरावाकडं द्या," म्हणाला. "तुमी बादली धरा."

सोपानरावांनी माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं केला. टॉवेल देताना त्यांनी तो क्षणभर सोडला नाही, दोघांच्या हातात राहिला. मी म्हटलं, "द्या हो वस्ताद, मी काय खातोय का त्यो?" मग सोडला. ज्योतीराम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय बी झालं तरी आत टाकू नका. आईची आन हाय." मी म्हटलं, येडा का खुळा तू? तुझा टॉवेल मी टाकीन? वेळच येणार न्हाई.

पहिल्या फेरीत दोघं एकमेकांना जोखत होते. दुसऱ्या फेरीत रेल्वेचा गडी मोकळा झाला. लांबून ठोसे द्यायचा आणि निसटायचा. मी मोजत होतो, नऊ लागले, आणि आम्ही नऊच्या नऊ वेळा ओरडलो. फेरी संपली तसा ज्योतीराम कोपऱ्यात आला आणि स्टुलावर बसायच्या ऐवजी स्टुलाशेजारी बसायला लागला. सोपानरावांनी त्याला काखेत धरून स्टुलावर घेतलं. तोंडावर पाणी मारलं. काहीतरी हळू बोलले. ज्योतीरामनं मान हलवली, नाही अशी.

तिसऱ्या फेरीत काय झालं ते मी शंभर वेळा सांगितलं आहे आणि शंभरही वेळा चुकीचं सांगितलं आहे. झालं ते असं. ज्योतीरामचा उजवा ठोसा रेल्वेवाल्याच्या कानावर बसला आणि तो गडी दोरांवर गेला. आमची माणसं उठली. कुस्तीच्या मैदानात आपल्या पैलवानानं डाव साधला की करतात तसे फेटे उडाले, टोप्या उडाल्या. माझीही टोपी गेली. आता ज्योतीरामनं पुढं घुसून काम संपवायचं. पण तो घुसला नाही. गडी उजव्या हाताला दोरांवर होता, आणि ज्योतीराम मुठी वळून हातभर डावीकडं, मोकळ्या जागेकडं बघत उभा होता. मी हे पाहिलं. या डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, काहीतरी डाव असेल.

रेल्वेवाला सावरला. त्यानं बाजूनं येऊन दोन ठोसे दिले, दोन्ही डोक्यात. ज्योतीरामची मान एकदा इकडं गेली, एकदा तिकडं. पाय हलले नाहीत. "पचवला!" मी ओरडलो. टॉवेल माझ्या मुठीत होता. रेल्वेवाल्यानं तिसऱ्या ठोशाला हात मागं घेतला, आणि पांढरा फेटा रिंगणात येऊन पडला. अर्धा सुटलेला, ज्योतीरामच्या अगदी पायाशी.

पंच मध्ये शिरला. त्यानं फेटा बघितला, तो आला तो कोपरा बघितला, रेल्वेवाल्याला मागं ढकललं आणि थोड्या वेळानं त्याचाच हात वर केला. आमच्या लोकांना आधी कळेना. कळलं तेव्हा माणसं आपापल्या टोप्या हुडकायला लागली. ज्योतीराम खाली वाकला, चाचपडत फेटा उचलला, गोळा केला आणि दोरांवरून मामांच्या हातात दिला. त्यांनी तो काखेत मारला.

मी म्हटलं, "वस्ताद, हे काय करून बसला?"

बोडक्या डोक्यानं बादली धरून ते उभे होते. म्हणाले, "भान ऱ्हायलं न्हाई."

एवढंच. त्यावरून आम्ही काय समजायचं ते समजलो. म्हातारा कुस्तीतला, आनंदाच्या भरात सगळ्यांबरोबर यानंही फेटा उडवला, आणि तो नेमका आत पडला. जिंकलेली लढत घालवली. ज्योतीरामनंही दुसऱ्या दिवशी हॉटेलात हेच सांगितलं. "मला कुनी पाडलं न्हाई. पर आपलाच मानूस असा घात करत आसंल तर आता रिंगणात पाऊल टाकायचं न्हाई." आणि खरंच टाकलं नाही. बिऱ्हाड हलवून तालमीपासून लांब, गेटापलीकडच्या चाळीत राहायला गेला. मामांशी बोलणं टाकलं. समोर आले तर रस्ता बदलायचा.

आणि मग माझं तोंड सुटलं. सोपानराव रस्त्यानं चालले की मी बाकावरून हाक मारायचो, "वस्ताद, फेटा सांभाळा, उडंल." पहिल्या दिवशी सगळे हसले. मग ते गावाचंच झालं. बाया नदीवर म्हणायला लागल्या, बसमधले लोक म्हणायला लागले. ते फेट्याला एकदा हात लावायचे आणि पुढं जायचे. चिडले असते तर बरं झालं असतं. आईबापांनी पोरं तालमीत पाठवायची बंद केली. ज्या वस्तादाला स्वतःचं भान नाही तो पोरांना काय सांभाळणार, असं जो तो म्हणायला लागला. चाळीस पोरांची तालीम, वर्षात सहावर आली. तरी ते माती मळायचे. चाळीस पोरांना लागेल तेवढी.

उद्धवराव एकदाच म्हणाला, "हिंदुराव, वस्तादाला हसू नका." का ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

ऑक्टोबरात एक दिवस इंदुताई बाजारातून येत होती, आणि पुढं सोपानराव चालले होते. मी सवयीनं हाक मारली, फेटा सांभाळा. इंदुताई थांबली. पिशवी खाली ठेवली आणि सरळ हॉटेलात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्यात बायका हॉटेलात येत नाहीत.

"भावजी, बाहेर या," म्हणाली. "तुमच्याशी बोलायचंय."

गेटाच्या खांबाशी उभं राहून तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर, शपथ, गुडघा, सगळं. रडली नाही. म्हणाली, "शपत मामंजींनी घेतली. मी घेतली न्हवती. ह्यांना ठावं झालं तर मला ठेवायचे न्हाईत, तरी सांगतीय. माझा कुकवाचा धनी ज्या फेट्यानं वाचला त्याला तुमी रोज हसताय." आणि मग म्हणाली, "टॉवेल तुमच्याकडं व्हता न्हवं?"

मी हॉटेलात परत गेलो नाही. सरळ तालमीत गेलो. सोपानराव हौद्यात माती तुडवत होते. मी पाय धरले. म्हटलं, वस्ताद, मी आत्ता जातो आणि गेटावर उभा राहून सगळ्यांना सांगतो.

ते तुडवायचे थांबले नाहीत. "कुनाला सांगनार? काय सांगनार?"

"खरं काय ते."

"म्हंजी ज्योतीला दोन दिसत्यात त्ये. ज्योती मेला आसता त्ये. आनि मंग त्यो त्याच गेटावरनं रोज कामाला जानार." ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला हसायला एक मानूस लागतोय, हिंदुराव. मला हस. मला सोसतंय."

"आनि तुमचं नाव?"

"माझं कवा नाव व्हतं?" म्हणाले. "त्याचं हाय. ऱ्हाऊ दे."

मग त्यांनी माझा हात मारुतीपाशी नेला. मीही बांधला गेलो. त्या दिवसापासून मी फेट्याची चेष्टा बंद केली, पण चेष्टा आता गावाची झाली होती, ती माझ्यानं थांबेना. दुसरं कुणी म्हणालं की मी उठून बाहेर जायचो. लोकांना वाटायचं, हिंदुराव म्हातारा झाला. संध्याकाळी तालमीत जाऊन मी माती मळायला लागलो. ते हात लावू द्यायला लागले, तेवढंच मला मिळालं. कधी कधी विचारायचे, ज्योतीचं काय चाललंय? मी म्हणायचो, मशिनीवरून स्टोअरला बदली झाली, काम हलकं आहे, मुलगी झाली, चालायला लागली. ते म्हणायचे, "हाय ना उभा? मंग झालं." एकदा म्हणाले, "पोरगी कुनावानी दिसती?" मी पाहिली नव्हती. खोटंच सांगितलं, अंबुबाईसारखी. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, म्हणून मी नाक, डोळे, सगळं रचून सांगितलं.

यंदाच्या, म्हणजे एकोणसाठच्या जानेवारीत ते गेले. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत आटोपलं. त्या चार दिवसांत मी दोनदा ज्योतीरामच्या दाराशी गेलो. दोन्ही वेळा त्यानं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. पाचव्या दिवशी आला, तेव्हा मामा चटईवर होते. लोक बाजूला झाले. त्यानं खुंटीवरचा फेटा काढला आणि मामांच्या डोक्याला स्वतः बांधायला बसला. पीळ जमेना, पुन्हा सोडायचा, पुन्हा बांधायचा. कुणी मदतीला गेलं की हात झटकायचा. अर्धा तास लागला. मग त्यानं खांदा दिला, अग्नी दिला आणि कुणाशी न बोलता घरी गेला. लोक म्हणाले, शेवटी रक्ताचं नातं. मला राग आला होता. जिवंतपणी एक तांब्या पाणी दिलं नाहीस, आता फेटे काय बांधतोस, असं जिभेवर आलं होतं.

गेल्याच आठवड्यात हॉटेलात बसलो होतो. ज्योतीरामही होता, भिंतीकडच्या बाकावर. हल्ली येतो कधी कधी. नवा लागलेला एक फिटर होता, पिंपरीकडचा. चॅम्पियन शेजारी बसला आहे हे कळल्यावर त्याला उत्साह आला. जुना वाद नव्यानं सुरू झाला, ठोसा खाणारा मोठा का चुकवणारा. कुणीतरी त्याला फायनलची हकिकत सांगितली, मीच रचून दिलेली, जशीच्या तशी. फिटर हसून म्हणाला, "म्हणजे त्या येड्या म्हाताऱ्यानं घालवलं म्हणा की. फेटा सांभाळता येत नव्हता तर बांधायचा कशाला?"

मी टेबल घट्ट धरलं. शब्द दिलेला. उठायला लागलो.

"आनंदानं फेटा उडवत्यात तो वर उडवत्यात," ज्योतीराम म्हणाला. सावकाश, कप समोर घेऊन. "मामानी वर उडवला न्हवता. माझ्या पायाशी टाकला."

फिटरनं हातातली बशी खाली ठेवली.

"त्या दिशी सकाळी तालमीत त्यांनी डोईचा फेटा काडून माझ्या पायावर ठेवला व्हता. पोरा, नको जाऊस, म्हन्ले. मला हातानं वाढवलेला मानूस, आनि माझ्या पायावर फेटा. मी उचलून परत दिला. दुपारी त्यांनी दुसऱ्यांदा ठेवला, समद्यांच्या म्होरं. मला दिसत न्हवतं, म्होरचा गडी बी दिसत न्हवता. पायाला कापड लागलं, तवाच कळालं."

मी परत बाकावर बसलो. "म्हंजी तुला पयल्यापासनं ठावं व्हतं? मंग चार वर्सं त्यांच्याशी बोलला का न्हाईस?"

"बोललो आसतो तर म्हनावं लागलं आसतं, मामा, तुमी वाचवलं," तो म्हणाला. "मंग तुमी लोकांनी इचारलं आसतं, कशापासनं?"

हात शिवशिवला माझा. असं वाटलं, एक ठेवून द्यावी. पण त्या डोक्यावर हात उगारायची सोय वस्तादांनी ठेवली नव्हती. आणि खरं तर पहिली थोबाडीत मलाच बसायला हवी होती. ते लोक म्हणजे मी.

फिटर खाली बघत होता. ज्योतीरामनं चहा घ्यायला हात पुढं केला. हात कपाच्या शेजारून गेला. पुन्हा केला, पुन्हा शेजारून. या वेळी कुणी हसलं नाही. मी कप सरकवून त्याच्या हाताखाली दिला.